खानेसुमारी

मुलगी फोनवर म्हणाली, आई, दिसत काहीच नाही.
दुर्बिणीला डोळा लावून कुणी ओळखत नाही तिला.
आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी इवलीशी दीर्घिका,
इतकी विरळ, की आरपार मागचं सगळं दिसतं,
आणि पुढ्यात आपलेच तारे,
धनतेरसच्या संध्याकाळी मांडवीत असते
तेवढी गर्दी.

मग सापडते कशी?

मोजून.

मला हसू आलं. माझ्या मांडीवर त्या वेळी
जनगणनेचे कागद होते,
वाघोडिया रोडचा गट, एकशे बारा घरं,
शाळेनं गळ्यात मारलेली ड्यूटी.

दाराशी मी गुजरातीत बोलते. दारंही गुजरातीत उघडतात.
नाव, वय, धंदा, कुठून आलात.
मग मातृभाषेचा रकाना.
कोकिलाबेन शितोळे म्हणाल्या, गुजराती लखो ने,
आणि त्याच श्वासात आत वळून ओरडल्या,
अगं, दूध उतू जातंय!

मी गुजरातीच लिहिलं.
सांगतील ते लिहायचं, असा नियम आहे.

आधी वजा करायचं, मुलगी सांगत होती.
जवळचे, तरुण, निळे, भडक, सगळे गाळायचे.
उरतील ते एका वयाचे, एकाच अंतरावरचे,
इतके जुने की अंगात लोखंड जवळजवळ नाहीच.
त्यांचाच नकाशा काढायचा,
मग तो थोडा पुसट करायचा,
डोळे किलकिले करून पाहावं तसा.
कुठेतरी साय धरल्यासारखं दिसतं.

आणि ती दीर्घिका?

छे. पुष्कळदा ते काहीच नसतं.
योगायोगानं शेजारी आलेले चार तारे.
नाहीतर फार लांबच्या दीर्घिका, ठिपक्याएवढ्या होऊन
ताऱ्याचं सोंग घेतलेल्या.

हे मात्र मला लगेच पटलं.
कालच यादीत एक पवार सापडले,
मी हरखून, चप्पल काढता काढता, मराठीत सुरुवात केली.
ते गढवालचे निघाले. ओएनजीसीत होते.
पाणी दिलं, वर बुरांशचं सरबत दिलं.

म्हणून मग वेग मोजायचा, म्हणाली.
एकेका ताऱ्याचा उजेड उलगडून, रात्रीमागून रात्री.
गर्दीतले तारे मन मानेल तसे धावतात.
हे वीस-तीस मात्र एकाच वाटेचे.
पण आपसात त्यांची थोडी चुळबुळ असते,
आणि गंमत तिथेच आहे, आई:
तेवढ्या चुळबुळीनंही ते केव्हाच पांगायला हवे होते.
त्यांच्या स्वतःच्या वजनात
एकमेकांना धरून ठेवायची ताकदच नाही.

मग धरतं कोण?

माहीत नाही. आहे काहीतरी.
उजेड देत नाही. नुसतं वजन आहे.

मला शितोळ्यांचं दूध आठवलं.

पलीकडे कोयलीच्या रिफायनरीची ज्योत होती,
आमच्या गच्चीवरून तेवढा एकच तारा दिसतो, तांबडा.
मी विचारलं, नाव काय ठेवता तिचं?
ज्या तारकासमूहात सापडते त्याचंच, म्हणाली,
पुढे एक आकडा.
म्हणजे भाडेकरूसारखं.
हो, तसंच.

तुझ्या त्या गेल्या वर्षीच्या सायीचं काय झालं?

ती थोडा वेळ बोलली नाही.
मागे कुणाचा तरी कुकर वाजत होता.
मग म्हणाली, नाही टिकली.
सतरा ताऱ्यांचे वेग घेतले, सोबतीचे सहाच निघाले.
सहा पुरत नाहीत, आई. सहांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

मी काही म्हटलं नाही.
सातवी अ मध्ये माझ्याकडे सहाच आहेत,
मराठी माध्यम, वरचा मजला, जिन्याजवळची खोली.
ब नाही.
सकाळी साडेसातला हजेरी घेते.
सहाही जण, एकमेकांकडे न बघता,
एकाच चालीत म्हणतात,
हजर.